पहिला रविवार लिंबच्या विहिरीला

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझी नेमणूक साताऱ्यात झाल्याचे वाचून आनंद झाला. रविवारी काय काय पाहावे याची यादी तू मागितली आहेस, ती मी देणार नाही. कारण सकाळी अजिंक्यतारा, दुपारी राजवाडा, सायंकाळी चार भिंती आणि परतताना कंदी पेढे अशा धावपळीत फोटो तेवढे उरतात. पहिला अख्खा रविवार लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीसाठी राखून ठेव.

साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इ. स. 1719 ते 1724 या वर्षांत ही विहीर बांधून घेतली; तेथील शिलालेख आधी पाहून घे. पायऱ्यांनी उतरून विहिरीच्या पोटातला महाल आणि त्याचे कोरीव खांब पाहिलेस, की बहुतेक लोक परततात तसा परतू नकोस. वर येऊन काठाने फीर आणि मोटांच्या, म्हणजे विहिरीचे पाणी उपसायच्या चामडी पिशव्यांच्या, जागा मोज. नावात बारा असले, तरी त्या पंधरा भरतात. मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात बाराच शिकवत होतो. सहलीतल्या एका मुलीने मोजून दाखवले, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

तुमच्या पिढीने मोट चालताना पाहिलेली नाही, म्हणून काठावर थोडा वेळ उभा राहा. बैल धावेच्या, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेच्या, उतारावरून जाऊ लागले, की नाडा (जाड दोर) ताणला जाऊन चामड्याची भरलेली मोट वर येते, सोंदूर, म्हणजे बारीक दोर, तिची सोंड थारोळ्यावर (पाणी पडण्याच्या कुंडावर) ओढून घेतो, पाणी पाटाने आमराईकडे निघते आणि बैलांना पाठमोरे पुन्हा वर यावे लागते. अशा पंधरा जोड्या एकाच वेळी चालत असतील, तर काठावर केवढा गलका होत असेल!

पुढच्या रविवारी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला जा. विश्वेश्वराचे मंदिर तू पाहशीलच, पण शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधीही शोध. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका आहे. लोक हसतात, मला मात्र ती समाधी फार आवडते.

पावसाळ्यात गेलास तर विहिरीच्या पायऱ्या जपून उतर. पंधरा जागा भरल्या की कळव. चौदाच भरल्या, तरीही कळव.

तुझा,
जुना मास्तर