व्हिएन्नात एक दिवस मोकळा आहे. शहराजवळ पायी फिरायला कुठे जावं?

डोळे झाकून कालेनबर्ग टेकडीवर जा. 'डी' ट्रामने शेवटच्या थांब्यावर, नुसडॉर्फला उतरा. तिथून 'श्टाटवांडरवेग १' ही खुणा केलेली वाट सुरू होते. साधारण ११ किलोमीटरचा फेरा आहे. आधी ओढ्याकाठची सावली, मग द्राक्षमळे आणि ४८४ मीटरवर माथा. सप्टेंबरात गेलात तर वाटेच्या अगदी कडेला घड लटकलेले दिसतील. तोडू मात्र नका, कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचं पीक आहे ते. वरून डॅन्यूब आणि सगळं शहर दिसतं. पाय दुखले तर ३८ए बस हायलिगेनश्टाटला आणून सोडते, तिथून यू४ मेट्रो. आणखी एक दिवस हाताशी असेल तर रेल्वेने शेजारच्या स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा गाठा, तासाभराचाच प्रवास आहे.