दिवसाची पहिली वीस मिनिटे गोलात बसून घालवणे परवडते का?

आपण दुसरीच्या वर्गाला नव्याने शिकवू लागला आहात, आणि शाळा भरताच मुलांना गोलात बसवून वीस मिनिटे देणे परवडते का, द्यायचीच तर त्यात काय करावे, असे विचारले आहे. मी बरीच वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवते. माझ्या मते ही वीस मिनिटे अवश्य द्यावीत. मात्र सूचना देण्यासाठी आणि कालच्या चुका उगाळण्यासाठी ती वापरू नयेत.

या बैठकीची नीटस मांडणी 'रिस्पॉन्सिव्ह क्लासरूम' या पद्धतीत आढळते, जी अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या शिक्षकांच्या एका संस्थेने विकसित केली. २० ते ३० मिनिटांच्या या बैठकीचे चार भाग असतात: एकमेकांचे स्वागत, अनुभव सांगणे, सर्वांनी मिळून करायची एखादी कृती आणि शिक्षकाने आधीच लिहून ठेवलेला दिवसाचा संदेश. हजेरी घेताना मुलाचे नाव शिक्षकाच्या तोंडून येते, तर स्वागतात शेजारचे मूल त्याच्याकडे पाहून नाव घेते. वर्गात आपली कोणीतरी दखल घेतली, हे मुलाला पहिल्या तासाआधीच कळते.

खरी कसोटी अनुभव सांगण्यात लागते. सुरुवातीला मी रोज सर्वांना बोलायला लावत असे. तीस मुलांना प्रत्येकी एक मिनिट दिले तरी अर्धा तास जाई आणि शेवटच्या मुलांचे ऐकायला कोणी उरत नसे. शिवाय एक अबोल मुलगी पाळी जवळ आली की पाणी प्यायला जायची परवानगी मागे. तिला तहान लागत नव्हती, भीती वाटत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मग मी रोज तीनच मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवू लागले, ऐकणाऱ्यांनी एक-दोन प्रश्न विचारावेत असे ठरवले आणि 'आज नको' म्हणण्याची मुभा दिली. त्या मुलीने कित्येक आठवडे 'आज नको' म्हटले. एके दिवशी तिने आपल्या पडलेल्या दाताविषयी दोन वाक्ये सांगितली, तेव्हा समोरच्या मुलाने "दुखलं का गं?" असे विचारले आणि ती त्यावर बराच वेळ बोलली. पूर्ण वाक्यात सांगणे, लक्ष देऊन ऐकणे आणि ऐकलेल्यावरच प्रश्न विचारणे हा भाषेचाच अभ्यास आहे, म्हणून हा वेळ मी वाया गेलेला मानत नाही. एखादे मूल घरातले काही दुःखद बोलून गेले, तर मात्र गोलात खोदून विचारू नये. त्याच्याशी नंतर एकांतात बोलावे.

पहिल्या आठवड्यात फक्त स्वागत घ्यावे आणि बाकीचे भाग एकेक करून जोडावेत. संदेशात कालच्या गणितातला एखादा प्रश्न घातला, तर मुले दप्तर ठेवता ठेवताच तो वाचू लागतात. वेळ कमी असेल त्या दिवशी कृती गाळावी, संदेश नुसता वाचून घ्यावा. स्वागत मात्र गाळू नये, आणि उशिरा आलेल्या मुलालाही गोलात जागा करून देऊन, त्याचे नाव घेऊनच पुढे जावे.