वाचकांचे प्रश्न : फूट, क्युसेक आणि मिलिमीटर

प्रश्न : पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे आमचे सतत लक्ष असते. धरणांतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हेही कळते. मात्र विसर्ग घटला तरी आमच्याकडचे पाणी एक-दोन दिवस हलत नाही. फूट आणि क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : फुटांत सांगतात ती पाण्याची उंची आणि क्युसेकमध्ये सांगतात तो प्रवाह. दर सेकंदाला 1 घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर पाणी वाहते तेव्हा तो 1 क्युसेक होतो; साधारण 11,574 क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला की 1 टीएमसी, म्हणजे 1 अब्ज घनफूट पाणी जाते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे 40 आणि 45 आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य त्या जागेपुरता ठरवलेला असतो, त्यामुळे दोन ठिकाणच्या फुटांची आपसांत तुलना करता येत नाही.

पातळी पट्टीवर वाचता येते किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर रोखलेल्या रडार यंत्राने आपोआप नोंदवता येते. प्रवाह मोजण्याला मात्र कष्ट पडतात. पुलावरून, होडीतून किंवा नदीवर ताणलेल्या तारेच्या आधाराने पात्राचे उभे भाग पाडतात, प्रत्येक भागाची रुंदी आणि खोली घेतात, आणि वेगमापक पाण्यात सोडून त्याची चक्री ठरावीक वेळात किती फेरे घेते ते मोजतात. नदीच्या पृष्ठभागावर वेग जास्त आणि तळाशी कमी असतो. म्हणून एकच मोजणी करायची असेल तर ती पृष्ठभागापासून सहादशांश खोलीवर करतात, कारण तिथला वेग त्या उभ्या रेषेवरच्या सरासरीच्या जवळ जातो. प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार करून बेरीज केली की विसर्ग मिळतो. अशा मोजण्या वेगवेगळ्या पातळ्यांना, वर्षानुवर्षे करून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो, आणि पुढे रोज केवळ पातळी वाचून आलेखावरून विसर्ग काढला जातो. मोठ्या पुरात नदीवर उभे राहून मोजणे जिवावर बेतू शकते, म्हणून आलेखाचे वरचे टोक बहुधा थोड्याच मोजण्यांवर उभे असते. शिवाय गाळ साचून किंवा काठ खचून पात्र बदलले की आलेखही नव्याने काढावा लागतो.

तुमच्या अनुभवाचे मुख्य कारण मात्र नृसिंहवाडीच्या संगमावर आहे. कृष्णा भरून वाहत असली की तिच्या फुगवट्यामुळे पंचगंगेच्या पाण्याचा उतार मंदावतो, वेग पडतो, आणि तेवढाच विसर्ग वाहून नेण्यासाठी नदीला अधिक उंची घ्यावी लागते. त्यात शिवारात पसरलेले पाणी पात्रात परतायला वेळ घेते. धरणाचे दरवाजे मिटले तरी खाली पाणी का रेंगाळते, याचा उलगडा यातून होतो. अशा वेळी नेहमीच्या आलेखावर विसंबले तर विसर्गाचा अंदाज चुकतो. फुगवटा नसतानाही चढतीच्या पुरात एका पातळीला जेवढे पाणी वाहते, त्याहून कमी पाणी उतरतीच्या पुरात त्याच पातळीला वाहते.

2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले. आकडे जवळजवळ सारखे, पण 2019 चा पूर दिवसेंदिवस मुक्काम ठोकून राहिला, तर 2021 मध्ये दोन-तीन दिवसांच्या तुफान पावसाने पाणी झपाट्याने चढले. म्हणून बातमीत पातळीबरोबर ती तासाला किती चढते किंवा उतरते आहे, आणि संगमापाशी कृष्णा काय म्हणते आहे, हे दिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गुरे कधी हलवायची, हे शेतकऱ्याला त्यावरूनच ठरवता येते.

प्रश्न : तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाल्याचे सांगतात आणि आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. हे मोजमाप चुकीचे म्हणायचे का?
– एक वाचक, माण तालुका

उत्तर : मोजमाप बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर. मग एका तालुक्याला एकच आकडा कसा पुरेल? महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे आल्यावर चित्र बरेच सुधारले आहे, पण एका मंडळातही गावे अनेक असतात, आणि माणसारख्या पर्जन्यछायेच्या भागात वळिवाची सर एका शिवारावर कोसळून शेजारच्या शिवाराला चुकवते.

दुसरी गोष्ट पाऊस कसा पडला याची. 120 मिलिमीटर पाऊस दोन दिवसांत कोसळला तर बरेच पाणी ओढ्याला जाते. तोच बारा दिवसांत विभागून आला तर पीक तगते. टक्केवारीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून 2016 च्या दुष्काळ संहितेत पावसाच्या तुटीबरोबर सलग कोरड्या खंडाचा विचार होतो, आणि पुढे पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल व जलसाठे तपासले जातात. पूर्वी सारा भर पैसेवारीवर, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजावर असे, आणि ती पीक हाती येताना कळे. त्या मानाने ही पद्धत निश्चितच बरी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. आपला बेसाल्ट खडक पाणी फारसे साठवत नाही, त्यामुळे चांगल्या पावसानंतरही फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळ गाठू शकतात. गावाने टंचाईची मागणी करताना केवळ पाऊस न दाखवता विहिरींच्या नोंदीही जोडाव्यात.

प्रश्न : शाळेत मुलांकडून पाऊस मोजून घ्यायचा आहे. साधे साधन चालेल का?
– एक शिक्षिका, जुन्नर

उत्तर : नक्की चालेल. सपाट तळाचे, वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचे भांडे घ्या. रुंदी कितीही असो, आत साचलेल्या पाण्याची उंची तीच राहते. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, तर हेक्टरी 10,000 लिटर, हे गणित मुलांना शाळेच्या छपरावर करून पाहता येईल. भांडे उघड्यावर, झाड किंवा भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, हलणार नाही असे बसवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचन घेऊन पाणी ओतून टाका. पाऊस न झालेल्या दिवशीही वहीत 0 लिहायला लावा. रकाना रिकामा राहिला तर पाऊस पडला नाही की मोजायचा राहिला, हे नंतर कळत नाही, आणि कोरडा खंड किती दिवसांचा होता हे काढताना नेमके ते शून्यच मोजावे लागतात.