रात्री बीपी उतरत नाही, म्हणून झोपेचीच भीती वाटते

बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू, दवाखान्यात मोजलं तर आकडाही फारसा वाईट नाही. तरी दंडाला यंत्र बांधून चोवीस तास मोजलेल्या बीपीच्या रिपोर्टात ‘रात्री बीपी उतरत नाही’ असं निघालं, की माणूस अंथरुणालाच भिऊ लागतो. ही भीती घेऊन माझ्याकडे आलेल्या, बेळगावातल्या वडगावच्या एका विणकर मामांबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चौपन्न, घरातच पॉवरलूम. ट्रेडमिल टेस्ट थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १४८ वरून १३९ वर आली, म्हणजे जेमतेम ९ ठोके उतरली. १९९९ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांची उतरण धोक्याची खूण ठरली होती. म्हणून डॉक्टरांनी दंडाला चोवीस तास यंत्र बांधलं. दिवसाची सरासरी १४२/८८, झोपेतली १३८/८४. खरं तर झोपेत बीपी १० ते २० टक्के खाली यायला हवं. डॉक्टरांनी कन्नड-इंग्रजीत भराभर सांगितलं, मामांनी मान हलवली, आणि घरी येऊन मोबाईलवर शोधत बसले.

तेव्हापासून रोज मध्यरात्री गजर लावून ते घरच्या यंत्रावर बीपी मोजू लागले. १६० दिसलं की पुन्हा मोजायचं, मग १६५. “मॅडम, झोपंतच जातो की काय मी, ही धास्ती बसलीया बगा.”

आधी हे मोजणं बंद करायला सांगितलं. गजरानं दचकून उठलेल्या, घाबरलेल्या माणसाचा आकडा झोपेतला नसतोच. मग त्यांच्याच मागाचं उदाहरण दिलं: मोटर बंद केली तरी चाक काही वेळ फिरत राहतं. शरीरातही ब्रेक लागावा लागतो. श्रम थांबल्यावर नाडी खाली आणण्याचं हे काम व्हेगस नावाची नस (मज्जातंतू) करते आणि गाढ झोपेतही तिचाच अंमल असतो. तिचा जोर कमी पडला की नाडी सावकाश उतरते, रात्रीचं बीपीही चढं राहू शकतं. म्हणजे दोन रिपोर्टांमागे दोन वेगळे आजार असतीलच असं नाही. धोका नाही असं मी म्हटलं नाही. रात्री चढं राहणारं बीपी हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांना खरंच त्रास देतं. पण ते नुकसान वर्षानुवर्षं साचत जातं, आणि तेवढ्या अवधीत करण्यासारखं पुष्कळ असतं.

खरी माहिती मामींकडून मिळाली. “घोरत्यात किती ओ! मधीच श्वास थांबतोय, मग दचकून उठत्यात.” हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. झोपेत श्वासाची वाट मिटली की रक्तातला ऑक्सिजन घटतो, शरीर धडपडून जागं होतं आणि बीपी उसळतं. रात्रभर हेच चाललं तर ते उतरणार कधी? बीपीच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना मी घोरण्याबद्दल विचारते ते यासाठीच. मामांना मी चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे परत पाठवलं.

जेवणाचंही बोललो. माग बंद झाल्यावर उशिरा भाकरी, सोबत खरडा, लोणचं, सांडगी मिरची. दिवसा बाहेर न पडलेलं मीठ मूत्रपिंडं रात्री काढत बसतात आणि त्यासाठी दाब चढा ठेवावा लागतो. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा मीठ, आणि लोणच्यातलंही त्यातच धरायचं.

गोळी रात्री घेऊ का, हे त्यांनी विचारलंच. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ अभ्यासात सकाळी किंवा रात्री गोळी घेण्यानं हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून.

झोपेच्या तपासणीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, निघाला. आता मामा श्वासाची वाट उघडी ठेवणारा हवेचा मास्क लावून झोपतात, डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज चालतात. काही महिन्यांनी पुन्हा चोवीस तासांचं यंत्र बांधलं तेव्हा झोपेतली सरासरी १२६/७६ आली. ती १२०/७० च्या खाली हवी, म्हणून डॉक्टरांनी गोळीचा डोस थोडा वाढवला आहे.