सिनिअर खेळाडू गेल्यावर मुलींच्या बास्केटबॉलचे प्रेक्षक टिकतात का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीममधल्या तिघी सिनिअर, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या खेळाडू, या मोसमानंतर जाणार, मग हॉल पुन्हा ओस पडेल का आणि पुढच्या वर्षीचं सीझन तिकीट काढण्यात अर्थ आहे का. काढा. नुसतं नाव ऐकून आलेले लोक जातात, खेळ बघायची सवय लागलेले राहतात.

मी हे अमेरिकेतल्या आयोवा सिटीतून लिहितेय. 2012 पासून इथे आहे आणि 2014 पासून आयोवा युनिव्हर्सिटीच्या कार्व्हर-हॉकआय अरीनात मुलींच्या मॅचला जाते. जिच्या नावाने पुढे इथे गर्दी लोटली ती केटलिन क्लार्क तेव्हा शाळेत होती. हा हॉल जमिनीत खोदल्यासारखा आहे. दारातून आत गेलं की आपण सगळ्यात वर असतो आणि मग कोर्टकडे खाली उतरायचं. त्यामुळे किती खुर्च्या रिकाम्या आहेत ते पहिल्या नजरेतच दिसतं. 2015 च्या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ आला होता, त्याला हौसेने घेऊन गेले. तो दारातच थांबला, खाली बघितलं आणि म्हणाला, "बघ, अमेरिकेतही तेच. मुलींची मॅच बघायला कोण येणार?"

हे वाक्य मी त्याच्या तोंडून आधीही ऐकलं होतं, 1998 साली. मी शेवटच्या वर्षाला होते, टीमची कॅप्टन होते आणि इंटरकॉलेजची फायनल आमच्याच कॉलेजच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर होती. अकरावीपासून पाच वर्षं मी त्या कोर्टवर घासली होती, गुडघ्यांवरच्या खुणा अजून आहेत. मॅच चालू असताना शिपाई आले आणि कडेच्या खुर्च्या गॅदरिंगच्या मांडवात उचलून घेऊन गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. आमच्या सरांनी नुसतं तिकडे बघितलं. माझी आई तेवढी आली होती, हातात डब्याची पिशवी. खुर्ची गेल्यावर ती उरलेली मॅच उभी राहून बघत होती, आणि टाळी वाजवायची तर पिशवी आधी कोपरात अडकवावी लागत होती. आम्ही जिंकलो, 41-38. दादा त्याच कॉलेजात एम.कॉम. करत होता. कॅन्टीनमध्ये बसला होता, कोर्टपासून शंभर पावलांवर. घरी आल्यावर मी विचारलं, तर तेच वाक्य.

म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मला गप्प बसवेना.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजी बसतात. 1950 च्या दशकात त्या आयोवातल्या एका खेड्यातल्या शाळेकडून सिक्स-ऑन-सिक्स हा मुलींच्या बास्केटबॉलचा जुना प्रकार खेळल्या आहेत. एका बाजूला सहा मुली, तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त अडवणार, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. या राज्यात तो प्रकार 1993 पर्यंत चालला, आणि त्या मॅचना गावंच्या गावं लोटायची. फेब्रुवारी 1985 मध्ये याच कार्व्हरमध्ये ओहायो स्टेटविरुद्धच्या मुलींच्या मॅचला 22,157 माणसं होती, हॉलच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे क्लार्क जन्मायच्या आधीपासून इथे प्रेक्षक आहेत. मधली बरीच वर्षं ते विखुरले होते, एवढंच. आजी मात्र रिकाम्या हॉलमध्येही त्याच सीटवर असायच्या.

सिनिअर खेळाडूला लोक एवढं डोक्यावर का घेतात, हे त्यांच्याकडे बघून मला कळलं. त्या पोरीला सगळ्यांनी चार वर्षं चुकताना पाहिलेलं असतं. क्लार्कच्याच टीममधल्या केट मार्टिनचंच घ्या. 2018 साली आली आणि पहिल्याच मोसमात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ते अख्खं वर्ष बाकावर गेलं. 2023-24 हे तिचं सहावं वर्ष, टीमची कॅप्टन. आकड्यांत कधी पुढे नसायची, पण सैल बॉलवर अंग टाकणारी पहिली तीच. माझ्या मुलीच्या पाठीवर क्लार्कचा 22 नंबर कधीच नव्हता, 20 होता, मार्टिनचा. एप्रिल 2024 मध्ये डब्ल्यूएनबीए या बायकांच्या प्रोफेशनल लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे टीम एकेक करून नव्या खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाला, मार्टिन नुसती क्लार्कला साथ द्यायला गेली होती, प्रेक्षकांत बसली होती, आणि लास व्हेगासच्या टीमने अठरावं नाव तिचं पुकारलं. आमच्या घरात क्लार्कच्या पहिल्या नंबरापेक्षा त्या अठराव्याला जास्त आरडाओरडा झाला.

3 मार्च 2024 चा सिनिअर डे, म्हणजे सिनिअर खेळाडूंच्या निरोपाची मॅच, मी हॉलमध्ये बसून पाहिला. हाफटाइमच्या तोंडावर टेक्निकल फाउलवरच्या फ्री थ्रोने क्लार्कने कॉलेज बास्केटबॉलमधला पीट मॅराविचचा 3,667 गुणांचा जुना विक्रम ओलांडला. हे सगळ्या जगाने पाहिलं. मला जास्त लक्षात राहिलं ते आमच्याच टीममधल्या मॉली डेव्हिसचं. तिचाही तो सिनिअर डे, आणि पहिल्या हाफमध्येच गुडघा दुखावला, उचलून बाहेर न्यावं लागलं. सगळा हॉल एकदम चिडीचूप झाला. ती सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटीतून बदली होऊन आलेली, इथे तिची फक्त दोन वर्षं. आजींनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, मॅच पुन्हा सुरू झाली तरी सोडलं नाही. नुसत्या स्टारसाठी आलेला माणूस अशा वेळी घड्याळ बघतो.

पुढच्या महिन्यात देशपातळीवरच्या कॉलेज फायनलमध्ये साउथ कॅरोलायनाने आम्हाला 87-75 ने हरवलं आणि दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "ती गेली. आता तुझा हॉल रिकामा." मेमध्ये लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या, 24 वर्षं कोच होत्या. पुन्हा फोन. पण जागा घेतली जॅन जेन्सनने, जी त्यांच्याबरोबर सुरुवातीपासून होती आणि स्वतः सिक्स-ऑन-सिक्स खेळून मोठी झालेली. नव्या मोसमाची सीझन तिकिटं पुन्हा सगळी संपली. 2 फेब्रुवारी 2025 ला क्लार्कचा 22 नंबर निवृत्त केला, तो समारंभ बघायला लोक आले असं कुणी म्हणेल. त्याच दिवशी देशात चौथ्या क्रमांकाच्या यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) आम्ही 76-69 ने हरवलं. 28 गुण लूसी ओल्सनचे, व्हिलानोव्हा युनिव्हर्सिटीतून एका वर्षासाठी आलेली सिनिअर. लोक तिच्यासाठी घसा फोडून ओरडत होते. त्या दिवशी मी दादाला फोन केला.

आता तुमच्या तिकिटाचं. आयोवात मोठी प्रोफेशनल टीम नाही आणि हिवाळा लांबलचक, त्यामुळे इथलं सगळं तुमच्या गावाला लागू होईलच असं नाही. टीम दोन वर्षं सलग हरली तर खुर्च्या रिकाम्या होतात, इथेही झाल्या होत्या. खेळाडूंच्या एका युनिव्हर्सिटीतून दुसरीत बदल्या इतक्या सोप्या झाल्यात की चार वर्षं एकाच जागी खेळलेली सिनिअर कमी सापडते. म्हणून तिघी जाणार याचं टेन्शन घेण्यापेक्षा त्यांच्यामागच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली कोण आहेत, कोच राहणार आहे का, ते बघा. सीट टीमच्या बाकाच्या मागची घ्या, दुसरी-तिसरी रांग मिळत असेल तर उत्तम. पण या वर्षीचा सिनिअर डे चुकवू नका आणि बझर वाजल्याबरोबर उठून जाऊ नका. त्या मुलींचे आईवडील आलेले असतात.

दादा, हे तुला पाठवणार आहे. कॅन्टीन शंभर पावलांवर होतं.