परसातल्या लिंबाची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : आमचे घर भुसावळला असून परसात लिंबू आणि मोगरा आहे. उन्हाळ्यात रोज दुपारी भरपूर पाणी देऊनही लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. काय करावे?

उत्तर : पारा ४५ अंशांपुढे गेला की झाडाला तहान लागली असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तापी खोऱ्यातील काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते आणि रोज पाणी दिल्यास मुळांना हवा मिळेनाशी होते. त्यातच मातीत चुनखडी असल्यास लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि आपण वर्णिलेली खूण नेमकी लोहाच्या कमतरतेची आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे.

पाणी सकाळी लवकर आणि बोटभर खोल माती कोरडी लागल्यावरच द्यावे. खोडाभोवती मातीची भर घालून त्याबाहेर पाण्यासाठी आळे करावे, म्हणजे पाणी खोडाला न लागता डिंक्या रोगाचा (खोडातून डिंक पाझरण्याचा) धोका कमी होतो. आळ्यात केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे. जळगाव जिल्ह्यात त्यासाठी पैसे मोजावे लागत असतील तर आश्चर्यच!

मोगऱ्याची छाटणी थंडी ओसरताना करावी. संध्याकाळी अंगणात खाट टाकली की त्याचा मोबदला मिळतोच.