तक्त्यात कामाचा रकाना नाही

कोल्हापूर

चि. मुलीस,

जर्मनीत आखेनला धातूचं शिक्षण घेतेयस, ते संपल्यावर कुठल्या गावी राहू हे विचारणारा तुझा मेल मिळाला, त्याला जोडलेला एक्सेलचा तक्ताही मिळाला. तक्ता आधी उघडला. डावीकडे आखेन, म्युनिक, बर्लिन, आइंडहोवन, पुणे. वर पगार, घरभाडं, पीआरला (तिथे कायम राहायच्या परवान्याला) लागणारे महिने, घरी यायचं विमान आणि अगदी शेवटी 'मराठी माणसं'. प्रत्येक गावाला मार्क दिलेस, बेरीज केलीस, म्युनिक पहिलं आलं. आणि तरी झोप लागत नाही म्हणून मला विचारतेस. पोरी, या तक्त्यात कामाचा रकानाच नाही. म्युनिकला जाऊन तू सकाळी नऊ वाजता नेमकं करणार काय आहेस?

ते मेलमध्ये सापडलं, खालून तिसऱ्या ओळीत. 'मैत्रिणीच्या कंपनीत डेटाचं काम आहे, इंग्रजीवर भागतं.' घरभाड्यावर पाच ओळी आणि कामावर एक!

काम आधी निवड, गाव नंतर. माझ्याकडे सांगायला एवढी एकच गोष्ट आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

आखेनचा हिवाळा मला ठाऊक आहे. डिसेंबरात पाचच्या आत अंधार, वरून तो भुरभुर पाऊस, धड पडतही नाही आणि थांबतही नाही. रविवारी दुकानं बंद. फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि शेजारची मुलगी दारात येऊन उभी. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातले निम्मे खोलीला जातात. राहण्याच्या परवान्याच्या ऑफिसची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळता मिळत नाही. अशा दिवसांत माणसाला दुसरं कुठलंही गाव बरं वाटतं, म्हणून अशा दिवसांत गावाबद्दल काही ठरवू नये. मार्चमध्ये ऊन पडलं की याच आखेनला तू दोन मार्क वाढवून देशील.

नव्वदच्या दशकात मी तिथे होतो. मी रुळलो तो गणपतीच्या कार्यक्रमात नव्हे, ओतकामाच्या साच्यांची वाळू तयार करतात त्या वाळूच्या खोलीत. तिथला मोल्डर, म्हणजे साचे करणारा, जवळच्या आयफेलच्या डोंगरातला, त्याची बोली जर्मनांनाही अर्धीच कळायची. तो मूठभर ओली वाळू घट्ट दाबायचा, मूठ उघडून ढेकूळ मधोमध मोडायचा आणि कड बघायचा. कड धारदार राहिली तर वाळू चालेल, भुगा झाला तर बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि पाणी पुन्हा बघा. शेजारी मोजमापाचं यंत्र होतं, तरी तो आधी मूठ दाबायचा. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या ओतकारखान्यांतले मिस्त्री हेच करतात, अगदी तसंच. मीही वाळू उचलली, दाबली, मोडली. त्याने माझी कड पाहिली आणि 'हं' म्हणाला. त्यानंतर त्या देशात मला परकं वाटलं नाही असं नाही, पण त्या खोलीत कधी वाटलं नाही.

म्हणून जर्मन शीक. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनची बी१ पातळी असेल तर पीआर २१ महिन्यांत मिळतो, फक्त सुरुवातीची ए१ असेल तर २७, हे तू तक्त्यात बरोबर लिहिलंयस. सहा महिने वाचतात म्हणून शिकणार असशील तर बी१ची परीक्षा पास होशील आणि विसरशील. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला शिव्या घालता येतील इतकी शीक.

तुझा मुद्दा मी टाळत नाही. तू म्हणतेस, जर्मनीतला धातूचा धंदाच बसत चाललाय, मग त्यात कशाला राहू? बातम्या मीही वाचतो. थिसेनक्रुपने २०२४च्या नोव्हेंबरात पोलादातल्या ११,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. आर्सेलर मित्तलने २०२५च्या जूनमध्ये ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाटमधली हायड्रोजनवर पोलाद करायची योजना गुंडाळली. महाग वीज, चीनचा स्वस्त माल, कारणं आहेत. पण ही अडचण त्या गावांची आहे, कामाची नाही. २०१८मध्ये भारताने पोलादात जपानला मागे टाकलं. ओतकामात आपण चीनखालोखाल आहोत. विजेच्या गाड्यांमुळे इंजिन ब्लॉक कमी होतील, कबूल, आमच्या कागल-शिरोलीत त्याचीच धास्ती आहे. पण मोटरची हाउसिंग, बॅटरीची खोकी, पवनचक्कीचे हब या वस्तू कुणीतरी ओतणारच. ज्याला धातू थंड होताना आत काय घडतं ते कळतं, त्याला एक गाव बंद झालं तर दुसरं गाव असतं. ज्याने फक्त गाव निवडलं, त्याचं गाव बंद झालं की तो पुन्हा तक्ता काढतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघ. बेळगावात कारखाना उभा केला आणि नगरपालिकेला नेमकी तीच जागा हवी झाली. मग औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, निवडुंगाने भरलेला. १९१०मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. ते गाव शोधत बसले नव्हते, नांगर करत होते. नांगराच्या मागून गाव आलं.

आता माझ्याबद्दल, कारण तू शेवटी विचारलंयस, 'काका, तुम्ही का परत आलात?' नातेवाईक सांगतात, वडिलांसाठी आला. छान वाटतं ऐकायला, मीही कधी खोडून काढलं नाही. खरं असं की प्रोफेसरांनी डॉक्टरेटसाठी विचारलं होतं आणि त्या कामात मला भट्टी दिसणार नव्हती, फक्त तिचे आलेख दिसणार होते. मला ओतायचं होतं. म्हणून आलो. भारनियमनाच्या दिवसांत इंडक्शन भट्टीत मेटल तयार असताना वीज गेली की मी आईबापाचा उद्धार करायचो, पण काम माझं होतं. डॉक्टरेट न केल्याची रुखरुख आहेच. परिषदेत कुणी तिशीतला पोरगा डॉक्टर म्हणून बोलायला उभा राहतो आणि मला बत्तीस वर्षांपूर्वीच सुटलेली गोष्ट आज सुचल्यासारखी सांगतो, तेव्हा जळतो मी. पण बदलून घेईन का? नाही.

काकू शेजारी बसून हे वाचतेय. तिला तेव्हा जर्मनीतच, क्रेफेल्डच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती. ती म्हणते, "काम तुम्ही निवडलंत, गाव माझ्या वाट्याला आलं, हेही लिहा." लिहिलं. यावर माझं उत्तर असं की इथल्या शाळेत तिने तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि निम्मी उद्यमनगरी तिला बाई म्हणून ओळखते. हे उत्तर तिला पुरेसं वाटत नाही. असो. तुझ्यासाठी एवढंच, की पुढेमागे कुणाबरोबर घर मांडशील तेव्हा त्याच्याही कामाचा रकाना काढ. पण रकाना कामाचाच.

आता करायचं काय ते. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० दिवस काम करायची मुभा आहे म्हणून गोदामात पार्सलं लावत बसू नकोस. इन्स्टिट्यूटमध्ये हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-मदतनिसाचं, काम माग, विद्यापीठातलं ते काम या १४० दिवसांत धरत नाहीत. पगार कमी असेल, असू दे. पीएच.डी.चं एवढ्यात ठरवू नकोस. इंजिनिअरिंगमध्ये तिकडे ती बहुतेक पगारी नोकरीच असते, चार-पाच वर्षांची, त्यामुळे 'अजून शिकत बसू का' हा तुझा प्रश्न चुकीचा आहे. विचारायचं ते असं, की कुठल्या प्रश्नावर चार वर्षं डोकं आपटायला आवडेल? उत्तर नसेल तर करू नकोस. आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तुझ्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाहीत, आणि घाई तर अशी की उद्या सकाळी विमानात बसवताहेत.

डेटाचं कामही वाईट नाही. रिजेक्शन का होतं, माल नापास का ठरतो, ते आकड्यांतून शोधणारी माणसं आम्हाला हवीच आहेत, मिळत नाहीत. पण म्युनिकची ती कंपनी आकडे कसले मोजते, हे तुला माहीत तरी आहे का? मेलमध्ये नाव आहे, पत्ता आहे, पगार आहे. ते विचार आधी. चीज विकणाऱ्यांचे आकडे असतील आणि तुला त्यात रस असेल, तर खुशाल जा, मी एक शब्द बोलणार नाही. रस नसेल आणि फक्त म्युनिक हवं असेल, तर मग बोलेन.

कॉलेजच्या प्रोजेक्टला आमच्याकडे आली होतीस तेव्हा भंगारात टाकलेलं पंपाचं केसिंग उचलून तू मोल्डरशी अर्धा तास भांडलीस, की हे ब्लोहोल (अडकलेल्या वायूचं भोक) नाही, श्रिंकेज (थंड होताना धातू आकसून पडलेली पोकळी) आहे. जेवायची सुट्टी झाली तरी हललीस नाहीस. तुझं म्हणणं बरोबर निघालं होतं. मोल्डर अजून विचारतो, ती भांडकुदळ पोरगी कुठं असते?

तक्ता नव्याने करून पाठव. डावीकडे गावं नकोत, कामं लिही. थीसिसचे जे तीन विषय प्रोफेसरांनी सुचवलेत तेही त्यात घाल, मेलमध्ये त्यांची नावंसुद्धा तू दिली नाहीस.

तुझा
काका

ता. क. काकू तुला वेगळं पत्र लिहिणार आहे. त्यात काय असेल ते ती मला दाखवत नाही.